मिस्त्रीमामा, तुम्ही पत्रा घालू दिला नाहीत

आदरणीय मिस्त्रीमामा,
सादर नमस्कार.

तुमच्या कामाची मोजमापं एव्हाना पुस्तकात चढली असतील, बिलावर सह्या झाल्या असतील आणि आमच्या अंगणवाडीच्या छपरासमोर 'काम पूर्ण' असा शेरा पडला असेल. त्या कागदांवर कौलं किती, रिपा किती, वासे किती एवढंच येतं. तुम्ही त्याहून जे जास्त केलंत, ते कुठे लिहिलेलं राहावं म्हणून हे पत्र. उघडपणे लिहिते आहे, कारण पेठेतल्या ज्या ज्या घरातलं मूल या छपराखाली वाढतंय, त्या घराला तुमचं काम माहीत असायला हवं.

इमारत कोल्हापूर महापालिकेची, जुनी, कौलारू. सकाळी अंगणवाडी भरते आणि दुपारनंतर तिथेच पाळणाघर चालतं. मुलांच्या आया कुणी शिवाजी उद्यमनगरात मशीनवर उभ्या असतात, कुणी गांधीनगरच्या कापड दुकानात, कुणी चार घरची धुणीभांडी करतात. मूल संध्याकाळपर्यंत सुरक्षित आहे या भरवशावर त्यांचा दिवस चालतो. पावसाळ्यात तर हा भरवसा जास्तच लागतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांच्या इशारा पातळीला टेकली की सुतारवाड्यातली माणसं सामान बांधायला लागतात. 43 फुटांची धोका पातळी ओलांडली की सखल भागातली घरं रिकामी होतात आणि पै-पाहुणे आमच्या पेठेत येतात. 2019 आणि 2021 च्या महापुरात आमच्या सतरंज्यांवर पटावर नाव नसलेली मुलंही झोपली होती. आणि नेमकं त्याच दिवसांत आमचं छप्पर गळायचं.

गळणं म्हणजे काय, ते सेविका-मदतनीस सोडून कुणाला सहसा दिसत नाही. गहू आणि मूगडाळीची पोती बाकावर चढवायची, वर प्लास्टिक टाकायचं. वजनकाट्याला पिशवी बांधायची. रजिस्टरं घरी न्यायची. भिंतीवरची शाहू महाराजांची तसबीर दर जूनमध्ये उतरवून कपाटात ठेवावी लागायची. 1917 साली या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं करणाऱ्या राजाला मुलांच्या खोलीतूनच ओलीपायी हलवावं लागे, याचं मला दर वर्षी वाईट वाटायचं. आणि झोपलेली मुलं! थेंब बघून एकेकाला उचलून कोरड्या बाजूला सरकवायचं. एक उठलं की दुसरं उठतं, मग सगळी रडतात.

याआधी काही दुरुस्त्या झाल्या नव्हत्या असं नाही. कुणीतरी वर चढायचं, फुटकी कौलं बदलायचं, आणि पुढच्या पावसात पाणी पुन्हा त्याच भिंतीजवळ उतरायचं. शेवटी सगळ्यांचं एकच मत झालं : कौलं काढा, पत्रा टाका, कटकट मिटवा. पालकांच्या बैठकीतही तेच ठरलं. अंदाजपत्रकही पत्र्याचंच निघालं होतं, आणि तुम्ही आलात ते पत्र्याचं माप घ्यायला.

दुपारची वेळ होती. तुम्ही टेप हातात घेऊन दारातच थांबलात, चपला काढल्यात, पण आत आला नाहीत. मुलांकडे बघत राहिलात. मग हळू आवाजात मला विचारलंत, "बाई, पत्र्याखाली ही झोपतील व्हय?"

तोवर हा प्रश्न कुणी विचारलेलाच नव्हता. एप्रिल-मेच्या उन्हात पत्रा तापला की खाली उभं राहवत नाही; कौलाला मात्र मातीचा गारवा असतो आणि दोन कौलांच्या फटीतून गरम हवा वर निघून जाते. जुलैत पत्र्यावर सर कोसळली की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, तिथे दोन वर्षांचं मूल काय झोपणार? तुम्ही हे सगळं मला चार वाक्यांत सांगितलंत आणि पुढे म्हणालात, "कौलं वाईट न्हाईत. पानी कुठनं घुसतंय ते कुनी बघितलंय काय?"

पाणी कुठून येतं ते शोधायला तुम्ही रविवारी आलात, पोराला सोबत घेऊन. ती पद्धत मी जन्मात विसरणार नाही. पोरगा पाण्याची नळी घेऊन छपरावर, तुम्ही आत बॅटरी घेऊन. सुरुवात पागोळीकडून, आणि तिथून थोडं थोडं आढ्याच्या दिशेनं. मी विचारलं, वरून का नाही? तुम्ही समजावलंत की वरून सोडलं तर पाणी सगळ्या उतारावर पसरतं, मग नेमकं कुठे शिरलं ते कळत नाही. खालून एकेक टप्पा भिजवत गेलं की ज्या टप्प्याला आत थेंब येतो, दोष त्याच टप्प्यात. खालचा भाग भिजला, आत कोरडं. मधला भिजला, कोरडं. नळी दोन उतार एकमेकांना भेटतात त्या पन्हळीशी गेली, आणि थोड्या वेळानं वाशाच्या पोटाला पाण्याची रेघ चमकली. ती रेघ वाशाच्या खालच्या अंगानं सरकत सरकत जोडापर्यंत आली आणि तिथून टपकली. आम्ही इतकी वर्षं जिथे बादली ठेवत होतो, तिथेच! शिरत होतं एकीकडे आणि पडत होतं दुसरीकडे. थेंबाच्या डोक्यावरची कौलं शंभरदा बदलली असती तरी काही उपयोग नव्हता.

पन्हळीतला जस्ती पत्रा जांभळाच्या पाल्याखाली कुजून चाळण झाला होता. त्याच्याखालच्या दोन वाशांची भिंतीत गेलेली टोकं तर तुम्ही बोटानं दाबून दाखवलीत, लाकूड भुसभुशीत झालं होतं. त्यावर नवा पत्रा टाकला असता तर ओझं त्याच कुजक्या वाशांवर आलं असतं.

इथे आणखी एका व्यक्तीचे आभार मानायलाच हवेत. महापालिकेच्या अभियंता मॅडमनी तुमचं म्हणणं ऐकून घेतलं, स्वतः शिडी चढून पन्हळ बघितली आणि अंदाजपत्रक बदलण्याची खटपट अंगावर घेतली. पत्रा वगळला, नवी पन्हळ, दोन सागवानी वासे, रिपा आणि लागतील तेवढीच कौलं धरली. मॅडम, हे पत्र तुमच्यापर्यंत पोचलं तर आमचा नमस्कार घ्या.

कामाच्या काळात मुलं शेजारच्या तालमीत होती. तालीम मंडळानं आपला हॉल मोकळा करून दिला. सकाळी पैलवानांचा व्यायाम उरकला की आमच्या सतरंज्या पडायच्या. मुलांना ते इतकं आवडलं की परत यायला तयार नव्हती. मंडळाच्या कार्यकर्त्यांनी एका पैशाची अपेक्षा ठेवली नाही. कोल्हापुरात हे नवं नाही, तरी सांगावंसं वाटतं.

मला मात्र रोज इमारतीत चक्कर मारायची सवय लागली होती, तुम्ही कौलं निवडताना बघायला. एकेक कौल एका हातावर तोलून दुसऱ्या हाताच्या बोटाच्या पेरानं टकटक करायचात. खणखणीत वाजलं की डावीकडे, बद्द वाजलं की उजवीकडे. डोळ्याला न दिसणारी चीर तुमच्या कानाला कळायची. चौरस मीटरला साधारण 15 कौलं बसतात, म्हणजे आमच्या हॉलची किती झाली असतील! तुम्ही सगळी वाजवून बघितलीत. अर्ध्याहून जास्त जुनी कौलं तुम्ही वाचवलीत. त्यांच्या पोटावर मंगळूरच्या कारखान्यांचे छाप होते. बासेल मिशननं 1865 मध्ये मंगळूरला कारखाना काढला, तिथून या कौलांची सुरुवात झाली, हे मी वाचलेलं तुम्हाला सांगितलं, तेव्हा तुम्ही कौल उलटंपालटं करत म्हणालात, "मग ह्यास्नी फेकायचं म्हंजे पाप की ओ."

आणि ती वळवाची रात्र. अर्धं छप्पर उघडं, रिपा नुकत्या ठोकलेल्या, आणि संध्याकाळपासून आभाळ काळं. वारा सुटला तशी मी छत्री घेऊन पळत आले. बघते तर तुम्ही आणि तुमचा मुलगा आधीच आढ्यावर, ताडपत्रीची टोकं दोरीनं आवळताय. गारा पडत होत्या. मी खालून ओरडत होते की उतरा, राहू दे, आणि तुम्ही ऐकत नव्हता. तुमचं घर किती लांब आहे हे मला नंतर कळलं. तेवढ्या लांबून, कुणी फोन केलेला नसताना, तुम्ही आला होता. नव्या वाशांना पाणी लागलं नाही. आतली पोती कोरडी राहिली. त्या रात्रीचा हिशेब कुठल्याच बिलात नाही, आणि तुम्ही तो कधी काढलाही नाहीत.

काचेची दोन कौलंही तुमचीच कल्पना. खेळण्याच्या कोपऱ्यावर ती बसवलीत आणि पैसे घ्यायला तयार झाला नाहीत. त्यातून उन्हाचे दोन चौकोन फरशीवर पडतात. सकाळी ते कपाटाशी असतात, खाऊच्या वेळेला फळ्याजवळ सरकतात. मुलांना घड्याळ येत नाही, पण चौकोन फळ्यापाशी आला की ताटल्या घेऊन बसायचं हे त्यांचं त्यांनी ठरवलंय. आम्ही शिकवलेलं नाही.

मृग बरसला, आर्द्रा झाली, जुलैची झड लागली. सलग कोसळलेल्या पावसात मी बॅटरी घेऊन तुमच्यासारखीच वाशाखाली उभी राहिले. वासा कोरडा. भिंतीतली टोकं, ज्यांना तुम्ही डांबर फासलंत, तीही कोरडी. पोती जमिनीवरच्या फळ्यांवर आहेत, रजिस्टरं कपाटात आहेत आणि महाराजांची तसबीर या पावसाळ्यात भिंतीवरून उतरवलेली नाही. आमच्या मदतनीस ताई, ज्या सहसा बोलत नाहीत, त्या परवा म्हणाल्या की यंदा पहिल्यांदा त्यांनी पावसाळ्यात मुलांसोबत डबा शांतपणे खाल्ला. उद्यमनगरातल्या एका आईनं सांगितलं, आता सर आली की कामावरून लक्ष उडत नाही. मामा, ही वाक्यं तुमच्या मालकीची आहेत, म्हणून पोचवतेय.

तुम्ही सांगितलेलं सगळं पाळतो आहोत. पन्हळीतला पाला तालमीतली पोरं पाळीपाळीनं काढतात, कौलांवर पाय न देता, शिडी भिंतीला लावून. उरलेली कौलं मागच्या पडवीत उभी रचून ठेवली आहेत, आडवी नाहीत. छपरावर चेंडू गेला तर मुलांनी चढायचं नाही, ही ताकीदही दिली आहे. वैशाखात एकदा शाकारणीला तुम्ही याल असं कबूल केलंय, ते आम्ही धरून आहोत.

एक विचारायचं राहिलं. शहरातल्या आणखी दोन अंगणवाड्यांच्या सेविकांनी तुमचा नंबर मागितला आहे. त्यांच्याकडेही कौलंच आहेत आणि तिथेही पत्र्याचीच बोलणी चालू आहेत. तुम्हाला न विचारता मी नंबर दिलेला नाही. पावसाळ्यात तुम्हाला कामाची गर्दी असते, त्यामुळे सवडीनं कळवा, पण जमलं तर त्यांचं छप्पर एकदा बघून या. नळी आणि बॅटरीची सोय त्या करून ठेवतील.

तुमच्या मुलाला आशीर्वाद.

आपली कृतज्ञ,
अंगणवाडी सेविका
(मदतनीस ताई, सर्व पालक आणि मुलांच्या वतीनं)
कोल्हापूर