बंड्याचे पाय बघणाऱ्या डॉक्टर मॅडमना

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

केळीची फणी तुम्ही परत पाठवलीत. "सरकारी दवाखाना आहे, असलं काही आणायचं नाही," म्हणालात. तोंडानं आभार मानायला जावं तर तुम्ही तोवर पुढच्या म्हशीकडे वळलेल्या असता. म्हणून हे पत्र. उघडं लिहितेय, कारण आपल्या चोपडा-यावल पट्ट्यात मळ्या-मळ्यावर कुत्रा आहे, आणि पावसाळा सरला की त्यातले कितीतरी कोपऱ्यात पाय चाटत बसलेले दिसतात.

आमचा कुत्रा बंड्या तसा कुणाच्या हिशेबात नसलेला जीव. दूध देत नाही, औत ओढत नाही. त्याला टेम्पोतून उतरवला तेव्हा रांगेतले दोघं-तिघं हसलेच. गाई-गोऱ्ह्यांच्या गर्दीत गावठी कुत्र्याचा केसपेपर काढायचा म्हणजे जरा लाजल्यासारखं होतं. तुम्ही मात्र नाव विचारलंत, वय विचारलंत आणि "याला सावलीत घ्या आधी" म्हणालात.

तोवर गावातून सल्ल्यांचा पाऊस पडून गेला होता. कुणी म्हणे हळद-तेल चोपडा. कुणी म्हणे गाडीचं जळकं ऑइल लावा, खरूज असो की काही असो, जातंच. गोचिडीवर रॉकेल, हे तर ठरलेलं. माझ्या दिरांनी मेडिकलमधून माणसाच्या नायट्याची ट्यूब आणून ठेवली होती. आणि आमचे आप्पा, म्हणजे सासरे, ओट्यावरून एकच सांगत होते, "कुत्राले काय व्हस? चाटी चाटीसन तोच बरं करी ली."

ती ट्यूब तुम्ही उलटसुलट करून वाचलीत आणि बाजूला ठेवलीत. त्यात स्टेरॉइड आहे, त्यानं लाली दोन दिवस उतरेल, पण आत किडे असतील तर ते आणखी माजतील, असं म्हणालात. चाटण्याचंही सांगितलंत. लाळेनं बोटांमधली जागा सतत ओली राहते, कातडी मऊ पडते, जंतूंना आयतं घर मिळतं, मग खाज वाढते आणि कुत्रं आणखी चाटतं. बंड्याच्या पांढऱ्या पंजांवरचे केस तांबूस झाले होते. आम्हाला ते रक्त वाटत होतं. तो लाळेतल्या रंगद्रव्याचा डाग, म्हणजे हा बरेच दिवस चाटतोय, हे तुम्ही केसांवरून सांगितलंत.

मला सगळ्यात जास्त आभार मानायचेत ते तुमच्या पहिल्या प्रश्नाचे. "एकच पाय की चारही?" इतका साधा प्रश्न, पण सल्ले देणाऱ्यांपैकी एकानंही तो विचारला नव्हता. एकच पाय सुजला असेल तर आधी काटा, जखम, काहीतरी रुतलंय का ते बघायचं. चारही लाल असतील तर ॲलर्जी, कातडीतले किडे, बुरशी, किंवा पायाखाली येणारं एखादं खत-औषध असा विचार करायचा. सूज तळव्याच्या गादीवर आहे की बोटांच्या बेचक्यात, तेही तुम्ही पाहिलंत. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो तेव्हा डांबरी रस्त्यावर गाद्या भाजतात, साल निघते, ते दुखणं वेगळं.

बंड्याचं उत्तर मात्र सरळ नव्हतं. चारही पाय लाल, पण पुढचा उजवा टम्म सुजलेला. तेव्हा तुम्ही म्हणालात, "मग याला दोन आजार असतील." ड्रेसर काकांनी पट्टीनं त्याचं तोंड बांधलं, तुम्ही बोटांमधले केस कातरलेत आणि बेचक्यात एक गाठ सापडली. तिच्या टोकाला बारीकसं छिद्र, त्यातून पाणी पाझरत होतं. बधीर करायचं इंजेक्शन देऊन तुम्ही चिमट्यानं आतून जे काढलंत ते बघून मी तर हबकलेच. कुसळ! डोंगराच्या कडेला, बांधावर, गुरांमागे फिरताना आपल्या साडीला नि पायजम्याला चिकटतं तेच.

पुसता पुसता तुम्ही त्याची करणी समजावलीत. टोक सुईसारखं, त्याच्यामागे उलट्या दिशेचे बारीक ताठ केस आणि मागे लांब शेपटी. ओल लागली की शेपटी उलगडते, सुकली की पिळते, आणि त्या पिळण्या-उलगडण्यातून बी जमिनीत शिरतं. गवताला पेरायला माणूस लागत नाही. कातडीतही ते तसंच वागतं, पुढे जातं आणि मागे येत नाही. वरचं छिद्र बुजतं, आत कुसळ पाय चढत राहतं. औषधानं सूज उतरते, औषध थांबलं की परत येते, आणि आपण औषधाला नावं ठेवतो. सराटा परवडला, तो निदान दिसतो तरी.

उरलेल्या पायांसाठी तुम्ही बेचक्यात चिकटपट्टी दाबलीत, काचेवर लावून रंग दिलात आणि मला सूक्ष्मदर्शीतून बघायला लावलंत. भुईमुगाच्या शेंगांसारखे जांभळे ठिपके. ही यीस्ट, म्हणजे बुरशीचाच एक प्रकार. कातडीवर ती थोडी असतेच, ओल मिळाली की बेसुमार वाढते. पायांना येणारा तो आंबूस वास तिचाच. ब्लेडनं कातडी खरवडून खरजेचे किडेही शोधलेत, ते निघाले नाहीत. मग विचारलंत, "हा दिवसभर असतो कुठे?" मी म्हटलं, केळीत. ठिबकच्या नळ्यांखाली माती बारमाही ओली, वर पानांची गार सावली, उन्हाचा कवडसा नाही. बंड्याची आवडती जागा तीच. तुम्ही नुसती मान हलवलीत.

घरी करायचं तुम्ही केसपेपरच्या मागच्या बाजूला लिहून दिलंत, ते इथे सांगते, कारण शेजारच्या वाडीतल्या दोघांनी मागितलं होतं. क्लोरहेक्सिडिन या जंतू मारणाऱ्या औषधानं पाय धुवायचे, फेस दहा मिनिटं राहू द्यायचा, मग धुऊन एकेक बेचकं जुन्या सुती कपड्यानं कोरडं करायचं. धुण्यापेक्षा पुसणं महत्त्वाचं, याखाली तुम्ही रेघ मारली होती. गोळ्या वजनाप्रमाणे, आणि पाय बरा दिसला तरी मधेच बंद करायच्या नाहीत. चाटू नये म्हणून गळ्यात कॉलर. आमच्याकडे ती मिळेना, तर तळ कापलेली जुनी बादलीही चालेल म्हणालात. बादली घालून फिरणारा बंड्या बघायला निम्मी गल्ली येऊन गेली. दारातून जाताना तो दर वेळी चौकटीला धडकायचा आणि आमच्याकडे असा बघायचा, जणू चौकट आम्हीच सरकवली.

गोचिडींचंही. बोटांमध्ये दोन निघाल्या. चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढायची, रॉकेल नाही, चिरडायची नाही. कुत्र्याची तपकिरी गोचीड अंडी घालायला भिंतीच्या भेगेत जाते, एकेक मादी हजारोंनी घालते, म्हणून नुसतं कुत्र्याला औषध करून भागत नाही. गोठ्याच्या भिंती आम्ही लिंपून घेतल्या. ताप आला, खाणं सुटलं, नाकातून रक्त आलं तर गोचिडीचा ताप समजून लगेच आणा, हेही तुम्ही बजावलंत.

आणि ती दुखण्याची गोळी! माझ्या हातातली डायक्लोफिनॅक तुम्ही घेऊन ड्रॉवरमध्येच टाकलीत. माणसाच्या या गोळ्या, आयब्युप्रोफेन, पॅरासिटामॉलसुद्धा, कुत्र्याच्या पोटाला, मूत्रपिंडाला, यकृताला धोक्याच्या. वर गिधाडांची गोष्ट सांगितलीत, की हे औषध दिलेली मेलेली गुरं खाऊन गिधाडं संपत आली, म्हणून 2006 साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली. लहानपणी गावाबाहेर गिधाडं बसलेली मी पाहिली आहेत. ती कुठे गेली, हे कुत्र्याच्या पायापायी कळेल असं कधी वाटलं नव्हतं. बाहेर म्हशींची रांग थांबलेली असताना तुम्ही हे सगळं का सांगत बसलात, याचं मला अजून नवल वाटतं.

बंड्याची बादली आता निघाली. उजव्या पायावर थोडी टणक जागा आहे, ती राहील म्हणालात, राहू दे. केळीतून तो अजून हटत नाही, पण संध्याकाळी भाकरीच्या आधी पाय पुसून घ्यायला स्वतःच येऊन बसतो. पुसायचं काम आप्पांनी घेतलंय. "चाटी चाटीसन" वाले आप्पा आता बेचक्यात बॅटरी मारून कुसळ शोधतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच पाय की चारही, असं विचारतात. त्यांचा निरोप आहे, "डाक्टरबाईले सांगजो, मन्हा बंड्या पयाले लागना." म्हणजे, माझा बंड्या पळायला लागला.

रेबीजच्या लशीची तारीख कार्डावर आहे, त्या दिवशी येतोच. फणी आणणार नाही. पण थंडी पडली की मळ्यात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजणार आहोत. भरीत, कळण्याची भाकरी, कांद्याची पात. सुट्टीच्या दिवशी या, म्हणजे सरकारी नियम आडवा येणार नाही. ड्रेसर काकांनाही आणा.

आपली कृतज्ञ,
बंड्याच्या घरची सून