दत्तू, तुझं खरं होतं

नाशिक,
रविवार, दुपार

प्रिय दत्तू,

आठ महिने पत्र नाही. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. गुडघा बरा, साखर नेहमीसारखी.

अण्णांच्या आठवणींचं पुस्तक एकदाचं छापून झालं. पहिली प्रत त्यांच्या हातात दिली. तीन पानं वाचली, चष्मा पुसला, आणखी अर्धं पान, मग "छान झालंय रे" म्हणून उशीखाली सारलं. संध्याकाळी बघतो तर जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याचं ते पिवळं पडलेलं पुस्तक घेऊन खिडकीशी बसलेले, शेजारी चहा गार. मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांचे काढलेत, म्हणजे डोळ्यांवरही ढकलता येईना.

या पुस्तकासाठी अक्षरांचा टाइप ठरवताना, अशोकस्तंभाजवळ मिसळ खाता खाता, तू ओरडला होतास, "एका जाडीचा टाइप दुकानाच्या पाटीला लाव, मजकुराला नको!" मी तुला जुनाट म्हटलं आणि तू हात असा उडवलास की रस्सा माझ्या शर्टावर. तो डाग अजून आहे, बरं का.

रात्री दोन्ही पानं भिंगाखाली धरली. जुन्या टायपात उभा दंड भरदार, वळण बारीक होत गेलेलं. बोरूचा तिरपा काप थेट छपाईच्या खिळ्यात उतरलाय. घ आणि ध नजर न थांबवता वेगळे कळतात. माझ्या पानात सगळ्या रेषा सारख्या, 'लक्ष्मी'तला क्ष्म म्हणजे शाईचा ठिपका. वर सोळा पानं वाचवायला मी ओळी आवळल्या, त्यामुळे वरचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो. आणि ल हिंदी वळणाचा! मास्तर माणसाच्या पुस्तकात! प्रूफं मीच वाचली होती, मेल्या.

तू म्हणायचास, इंग्रजी अक्षराला पायाशी सेरिफचा, म्हणजे बारीक आडव्या रेघेचा, टेकू, आपलं शिरोरेषेला लटकलेलं. आपल्याकडे सेरिफ शोधू नकोस, जाड-बारीक शोध. टाइम्स न्यू रोमन १९३२ साली लंडनच्या वर्तमानपत्रासाठी निघाला, तोही जाड-बारीकच, हेही तूच ऐकवलं होतंस. तेव्हा मला वाटलं, शायनिंग मारतोय.

आता दोनशे प्रती माळ्यावर आहेत. पुन्हा छापायचं तर पैसे, आणि न छापायचं तर ती उशी रोज दिसते. 'तिरो देवनागरी मराठी' हा संगणकावरचा टाइप फुकट मिळतो, ल आणि श आपल्या वळणाचे. त्यात एकच पान बारा आणि चौदा पॉइंटात लावून सोबत पाठवतोय. ओळींमधली जागा तूच सांग, मला माझ्या डोळ्याचा भरवसा उरलेला नाही. अण्णांना यातलं काही बोललो नाही.

सुमीचं लग्न ठरल्याचं कळलं, फार आनंद झाला. वहिनींना नमस्कार. गच्चीची गळती थांबली का?

पान बघून लगेच कळव. फोन करू नकोस, अण्णा ऐकतात.

तुझा,
बाळ्या