अरेंजमेंट रजिस्टरमधलं तुमचं नाव

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

कतारमधल्या दोहाच्या शाळेतली नोकरी सोडून मी नागपूरला घरी परत येऊ शकले ते तुमच्यामुळे, पण फोनवर तुम्ही आभार मानू देत नाही. "त्यात काय एवढं, सासूबाई कशा आहेत ते सांगा," म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहून राहिली आहे. तुमचं नाव घालत नाही आणि शाळेचंही नाही, तुम्हाला अजून तिथेच नोकरी करायची आहे. पण दोहातल्या भारतीय शाळांमध्ये शिकवणाऱ्या आपल्या बायका हे वाचतील, त्यातल्या ओळखणाऱ्या तुम्हाला बरोबर ओळखतील.

सासूबाई न्हाणीघरात पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं, इथपर्यंत ऑफिसला माहीत होतं. त्यापुढचं मी फक्त तुम्हाला सांगितलं होतं. ह्यांची बुटीबोरीला शिफ्ट, धंतोलीतल्या दवाखान्यात रात्री बसायला माणूस नाही, आणि मुलगा दहावीत. तो शाळेत जायचा बंद झाला होता. दार लावून आत बसायचा. आमची सुट्टी शुक्रवार-शनिवार, त्याची रविवारी. त्याच्या रविवारी मी वर्गावर असायची. घरी येऊन फोन लावेपर्यंत आपल्याकडे संध्याकाळ झालेली असायची आणि तो "बरा आहे" एवढंच बोलून फोन आजीच्या उशाशी ठेवून द्यायचा. मी तिकडे दुसऱ्यांच्या दहावीच्या पोरांना प्रकाशाचं अपवर्तन शिकवत होते.

तुमच्याआधी मी किती जणांचे उंबरठे झिजवले, ते आज लिहायलाच हवं. बर्डीवरच्या ज्या एजंटने मला पाठवलं, तो जाताना "मॅडम, रात्री दोनला फोन करा" म्हणाला होता. परत यायचं म्हटल्यावर त्याने एकही फोन उचलला नाही. मेसेजवर निळ्या खुणा तेवढ्या दिसायच्या. शाळेच्या ऑफिसात मला ऐकवलं गेलं की पर्सनल प्रॉब्लेम सगळ्यांनाच असतात, मार्चपर्यंत थांबा, नाहीतर पैसे अडकतील आणि एअरपोर्टवरून परत पाठवतील. नात्यातल्या एका मोठ्या माणसाने फोन करून विचारलं, "काहून सोडून राहिली एवढी चांगली नोकरी? फ्लॅटचे हप्ते कोण भरंल?" दवाखान्यात एक रात्र बसतो, असं मात्र त्यांच्या तोंडून निघालं नाही. राग आहे मला या सगळ्यांचा, आणि तो आज लपवणार नाही.

तुमच्या केबिनमध्ये आले तेव्हा मी भेदरलेली होते. तुम्ही आधी पाण्याची बाटली पुढे सरकवली. मग विचारलंत, "पासपोर्ट तुमच्याच पर्समध्ये आहे ना?" हो म्हटलं. "मग घाबरता कशाला?" कतारमध्ये 2018 पासून बहुतेक नोकरदारांना देश सोडायला मालकाची परवानगी लागत नाही, 2020 च्या बदलानंतर दोन वर्षांपर्यंतच्या नोकरीला एक महिन्याची नोटीस पुरते, आणि वर्ष भरलेलं असेल तर वर्षामागे किमान तीन आठवड्यांच्या मूळ पगाराएवढी ग्रॅच्युइटी हक्काची आहे, हे सगळं तुम्ही मला इतक्या शांतपणे सांगितलंत की माझी छाती धडधडायची थांबली. मी वर्षभर त्या देशात राहिले, पण हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. ज्यांना माहीत होतं ते उलट मला भीती घालत होते.

पुढची कागदपत्रं, सह्या, सगळं झालं. ते लिहीत नाही. मला लिहायचं आहे ते अरेंजमेंट रजिस्टरबद्दल, म्हणजे नसलेल्या शिक्षकाचा पिरियड कोण घेणार ते लिहायच्या वहीबद्दल.

ऑफिसचा शेवटचा अडसर एकच होता: हिचे पिरियड कोण घेणार? दहावीचे दोन वर्ग, नववीचा एक, प्री-बोर्ड तोंडावर आणि फिजिक्सची दुसरी टीचर नाही. नोटिशीचा महिना संपेपर्यंत हलू देणार नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी असेम्ब्लीच्या आधी मी सही करायला स्टाफरूममध्ये गेले. रजिस्टर उघडंच होतं. माझ्या नावापुढच्या रकान्यात, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, प्रत्येक पिरियडला तुमचं नाव होतं. निळ्या पेनाने, तुमच्या त्या उभ्या अक्षरात. पान उलटलं. पुढच्या दिवशीही तुम्हीच, आणि त्याच्या पुढच्या दिवशीही.

जे शिक्षक नाहीत त्यांना यात काय विशेष ते कळणार नाही, म्हणून सांगते. फ्री पिरियड म्हणजे आमचं श्वास घ्यायचं ठिकाण. त्यात वह्या तपासायच्या, पेपर काढायचे, चहा प्यायचा, घरी फोन करायचा. अरेंजमेंट लागली की माणसं तोंड फिरवतात, पाठदुखी सांगतात, रजिस्टर आणणाऱ्या शिपायावर चिडतात. आणि तुम्ही तर सुपरवायझर. तुमचं काम दुसऱ्यांची नावं लिहायचं. तुमचा विषय केमिस्ट्री, वर्गावर जाऊनही तुम्हाला वर्षं झाली होती. तरी तुम्ही एकाही बाईला "जरा ॲडजस्ट कर ना" म्हणाला नाहीत. आपलं नाव लिहून मोकळ्या झालात. मला सांगितलंही नाहीत. मी सही करायला गेले नसते तर मला हे कधी कळलंच नसतं. ऑफिसला मग बोलायला काही उरलं नाही.

मी तिथे उभ्या उभ्या रडले, मॅडम. मराठीच्या बाई होत्या शेजारी, त्यांनी विचारलं काय झालं. मला बोलता आलं नाही, मी फक्त पानावर बोट ठेवलं.

मदत करतो म्हणणारे खूप भेटतात. "काही लागलं तर सांग" हे वाक्य त्या महिन्यात मी इतक्यांदा ऐकलं की पुढे पुढे ऐकूच येईनासं झालं. काय लागणार हे न विचारता ओळखून, आपल्या वेळातून ते काढून देणारी माणसं फार थोडी. अशी माणसं ज्या शाळेत असतात ती शाळा चालते, ऑफिसात कोणी का बसेना. सासूबाईंच्या उशाशी रोज डबा आणून ठेवणाऱ्या आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकू त्याच जातकुळीतल्या. त्याही कधी "सांग" म्हणाल्या नाहीत. डबा घासून न्यायलासुद्धा स्वतःच यायच्या.

दोहाहून थेट नागपूरचं विमान आहे हे केवढं मोठं सुख, ते त्या रात्री कळलं. सोनेगावला उतरले तेव्हा बाहेर अंधार होता. मुलगा वडिलांबरोबर गाडीत बसून आला होता. कित्येक आठवड्यांनी घराबाहेर पडला होता म्हणे. काही बोलला नाही, बॅग मात्र त्याने ओढून घेतली. आता तो सकाळचे चार तास माझ्याजवळ बसून अभ्यास करतो. शाळेतही जाऊ लागला आहे, अजून रोज नाही. समुपदेशन सुरू आहे. सासूबाई वॉकर धरून देवघरापर्यंत जातात, आणि तुमचा फोन आला की "मला दे" म्हणतात.

तुम्ही बोर्डिंगच्या वेळी मेसेज केला होता की फ्लेमिंगचा नियम उद्या घ्यायचा आहे, नोट्स कुठे आहेत. माझ्या कपाटात वरच्या खणात निळी फाईल आहे. दहावी ब मधली मुलं घाईत उजव्या हाताचा नियम डाव्या हाताने लावतात, पेन उजव्या हातात असतं म्हणून. पेन खाली ठेवायला लावा. खिडकीजवळच्या बाकावरची मुलगी स्वतःहून शंका विचारत नाही, तिच्या वहीत डोकावून बघावं लागतं. आणि मागच्या बाकावरच्या दोघांना विद्युतवरची गणितं जमायला लागली होती, त्यांना प्री-बोर्डच्या आधी एकदा फळ्यावर बोलवा.

कळावे, लोभ आहेच.

आपली,
नागपूरहून तुमची सहकारी