खळग्यात दाबून बघितलंस का?

सांगली,
मंगळवार, रात्री साडेदहा

चि. सायली हिस,
अनेक आशीर्वाद.

दुपारी फोनवर माझा आवाज चढला. तेव्हापासून आई माझ्याशी मोजकंच बोलतेय. फोनवर माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तू "पप्पा, नुसतं मुरगळलंय" म्हणून ठेवून देतेस, म्हणून कागदावर लिहितोय. आई फोटो काढून पाठवेल. एकदाच लिहितो, परत विचारणार नाही.

शनिवारी कबड्डीत डॅश मारताना तू तोल जाऊन पडलीस ती पसरलेल्या तळहातावर, मनगट मागे मुडपून. आणि दुखतंय ते अंगठ्याच्या बाजूला. "पण सूज काहीच नाही," हे तू तीनदा सांगितलंस. मला त्या सूज नसण्याचीच काळजी आहे.

मनगटात आठ छोटी हाडं असतात. त्यातलं अंगठ्याच्या बुडाशी असलेलं, होडीच्या आकाराचं, ते स्कॅफॉइड. तुझ्या वयाची पोरं तळहातावर पडली की या आठांतलं बहुतेक वेळा मोडतं ते हेच. मोडलं तरी मनगट वाकडं दिसत नाही, सूज कधी कधी नावाला असते, बोटं हलतात, पेनही धरता येतं. म्हणून पोरं क्रेप बँडेज गुंडाळून महिना काढतात.

आता एक कर. हात समोर धर, अंगठा वर ताठ कर, कुणाला 'झकास' म्हणून दाखवतो तसा. अंगठ्याच्या बुडाशी दोन शिरा दोऱ्यांसारख्या ताणून उभ्या राहतील आणि त्यांच्यामध्ये खळगा पडेल. अक्का तिथंच तपकिरीची चिमूट ठेवून ओढायची, आठवतं? डॉक्टरी भाषेतही त्या खळग्याला तपकिरीची डबीच म्हणतात. त्या खळग्यात दुसऱ्या हाताच्या तर्जनीच्या टोकानं दाब. मग तसंच चांगल्या हाताला दाब, कारण तिथं जोरात दाबलं की कुणालाही थोडं दुखतंच. फरक बघायचा. मग तळहाताच्या बाजूनं, मनगटाच्या घडीवर अंगठ्याच्या रेषेत एक टेंगूळ लागतं, ते दाब. शेवटी दुखऱ्या हाताचा अंगठा धरून त्याच्या लांबीत मनगटाकडे ढकल. यातल्या एकाही ठिकाणी दुसऱ्या हातापेक्षा स्पष्ट जास्त कळ आली, तर एक्स-रे फोटो काढून खात्री होईपर्यंत हाड मोडलंय असंच धरायचं. दुखलं म्हणजे मोडलंच असं नाही, पुष्कळ वेळा नसतंही. पण ते ठरवणं तुझं काम नाही आणि माझंही नाही.

तुझ्या डोक्यात दुसरीतला हात आहे, ते मला कळतं. मामाच्या गोठ्यावरून पडलीस, चार आठवड्यांत प्लास्टर निघालं आणि पाचव्याला तू परत गोठ्यावर! तेव्हा हाड ओल्या फांदीसारखं होतं, एका बाजूनं चिरलं आणि दुसऱ्या बाजूनं नुसतं वाकलं. कटरचा आवाज ऐकून तू टेबलाखाली शिरलीस, तेव्हा मी तेच पातं माझ्या तळहाताला लावून दाखवलं होतं की ते फिरत नाही, नुसतं थरथरतं. त्यावर तू म्हणालीस, "मग मी कापते." काय लिहीत होतो मी? हां, रक्त.

या होडीच्या हाडाला रक्त पोचतं ते उलट्या बाजूनं. बोटांकडच्या टोकाजवळ धमनी आत शिरते आणि तिथून मागे, कोपराकडच्या टोकाला जाते. आपल्या कॅनॉलच्या टेलच्या शेतासारखं समज. मध्ये फूट पडली की सगळ्यात आधी टेल कोरडं. म्हणून हे हाड सावकाश जुळतं. बोटांकडचं टोक मोडलं तर सहा ते आठ आठवडे, कमरेत, म्हणजे हाडाच्या मधोमध मोडलं तर आठ ते बारा, आणि कोपराकडचं टोक असलं तर त्याहून जास्त, बऱ्याचदा स्क्रूच घालतात. तुकडे मिलिमीटरभर जरी सरकलेले असले तरी ऑपरेशनचा विचार होतो. तीन-चार आठवडे उशीर झाला की न जुळण्याची शक्यता वाढते, आणि न जुळलेल्या हाडावर काही वर्षांत मनगट झिजतं. अँकल होल्डला चढाईवालीनं पाय झटकला की सगळा हिसका कुठं बसतो, हे डाव्या कोपऱ्यात खेळणाऱ्या पोरीला मी सांगायला नको.

झालं, भाषण सुरू झालं. माफ कर. बत्तीस वर्षं प्लास्टर रूममध्ये काढली की माणूस घरातही प्लास्टरच घालत बसतो, हे तुझ्या आईचं वाक्य आहे.

उद्या हाडांच्या डॉक्टरांकडे जा. "पडले" एवढंच सांगू नकोस, "तळहातावर पडले आणि खळग्यात दुखतंय" असं सांग. मनगटाच्या साध्या दोन फोटोंवर भागत नाही, स्कॅफॉइड व्ह्यू लागतो. त्यात हात करंगळीकडे कलवून फोटो घेतात, म्हणजे हाड लांब उलगडून दिसतं. आणि सायली, फोटो साफ आला तरी हुरळून जाऊ नकोस. पहिल्या दिवसांत ही चीर फोटोत दिसत नाही असं बऱ्याचदा होतं. खळगा दुखत असेल तर मनगट स्प्लिंटमध्ये किंवा प्लास्टरमध्ये ठेवून दहा ते चौदा दिवसांनी परत फोटो काढतात. तोवर चिरेच्या कडा थोड्या विरघळतात आणि रेघ दिसते. तेवढं थांबायचं नसेल तर एमआरआय, त्यात पहिल्या दिवसांतच कळतं. पैशाचा विचार करू नकोस, निळ्या डब्यातले आहेत.

हाड शाबूत आणि तरी मूठ आवळताना मनगटाच्या मधोमध कळ येते, खटका लागतो, असं असेल तर तेही सांग. दोन हाडांमधला बंध तुटला तरी असं होतं, आणि तो मूठ आवळून काढलेल्या फोटोत हाडांमधल्या फटीवरून कळतो. खरंच नुसतं मुरगळलं असेल तर दुखणं रोज उतरतं आणि पकड रोज थोडी सुधारते. आज चौथा दिवस आहे आणि तू म्हणालीस की बाटलीचं झाकण डाव्या हातानं उघडलंस. आईनं ते ऐकलं नाही, मी ऐकलं.

तोवर हात उशीवर, छातीच्या वर. फडक्यात गुंडाळून बर्फ पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा, थेट कातडीवर नाही. अंगठी आणि कडं आजच काढ, सूज चढली तर कापावं लागेल. तेल लावून कुणाकडून चोळून घेऊ नकोस, आणि सुमनआत्या गावच्या हाडवैद्याचं नाव काढेल तेव्हा नुसतं हो म्हण.

उद्यापर्यंत थांबायचं नाही असंही काही आहे. मनगट काट्याच्या चमच्यासारखं वाकडं दिसलं, जखमेतून रक्त यायला लागलं, अंगठा-तर्जनी-मधलं बोट बधिर झालं, बोटं गार किंवा निळसर पडली, तर रात्र असली तरी निघायचं. नख दाबून सोड, पांढरं झालेलं दोन सेकंदांत परत गुलाबी व्हायला हवं. प्लास्टर घातल्यावर दुखणं वाढत गेलं आणि दुसऱ्यानं बोटं सरळ केली की जीव जातो असं वाटलं, तर सकाळची वाट न बघता जायचं. तेव्हा प्लास्टर आतल्या कापसासकट कातडीपर्यंत उघडावं लागतं.

रविवारची निवड चाचणी आहे, हे मी विसरलेलो नाही. टेप बांधून, स्प्रे मारून खेळता येईल असं तुझे सर म्हणाले असतील, आणि तू खेळशीलही. मागच्या वर्षी त्या फायनलला शेवटच्या चढाईत तू एकटी उरली होतीस आणि चढाईवालीला पकडलंस, तेव्हा मी उभा राहून ओरडलो होतो. आईनं शर्ट ओढून बसवलं मला. तुला कुणी सांगितलं नसेल. खेळू नको असं मी लिहिणार नव्हतो. रविवारी खेळू नकोस.

डॉक्टरांनी फिल्म दिली तर दुमडू नकोस आणि नुसता रिपोर्ट घेऊन येऊ नकोस. मला फिल्म बघायची आहे. शुक्रवारी तीनच्या गाडीनं ये, स्टँडवर मी असेन.

तुझे,
पप्पा

ता. क. दुखायची गोळी घ्यायच्या आधी दाबून बघ, नंतर नाही. गोळीनं कळ झाकली जाते. दोन्ही हात. काय निघालं ते आईला फोन करून सांग, मला सांगितलं नाहीस तरी चालेल, मी शेजारीच बसलेला असतो.