ताप फॅरनहाइटमध्येच राहू द्या

संपादक महोदय,

फॅरनहाइट आता मोडीत काढा, सगळं सेल्सिअसमध्येच मोजा, असं एका वाचकाचं पत्र तुमच्याकडे छापून आलं, त्यावर थोडं लिहितो.

हवेच्या बाबतीत एकदम कबूल. अमेरिकेतला आमचा भाचा म्हणतो मामा फॅरनहाइटच बरं, ० म्हणजे कडाक्याची थंडी, १०० म्हणजे जबर उकाडा, लगेच कळतं. अरे बाबा, ते तिकडे! ग्वाल्हेरला १०० म्हणजे जेमतेम ३८, मे महिन्यात एवढंच असलं तर लोक म्हणतात आज बरंय. आणि ० फॅरनहाइट म्हणजे उणे १८, ते आपण फक्त फ्रीजरमध्ये बघणार. आपल्याला ४० म्हटलं की डोक्याला पंचा आणि घरात कैरीचं पन्हं, ४५ झालं की हवामान खातं उष्णतेची लाट म्हणतं, झालं की काम.

पण अंगातल्या तापाचं तसं नाही हो. इथे घरोघरी ९८.६ नॉर्मल, १०० ला कणकण, १०२ म्हटलं की कपाळावर मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या, आणि डॉक्टरपण "१०१ च्या वर गेला होता का" असंच विचारतात. सेल्सिअसमध्ये हे सगळं ३७ ते ३९ मध्ये कोंबलेलं, त्यांची एक डिग्री म्हणजे आपली १.८, त्यामुळे पॉइंटनंतरचा आकडाच खरा महत्त्वाचा आणि फोनवर सांगताना नेमका तोच गळतो. परवा शेजारच्या काकूंनी नवीन डिजिटल थर्मामीटर नातवाच्या काखेत लावला, आलं ३८.४, तर म्हणे "अडतीसच तर आहे, बिघडलंय वाटतं हे", आणि पोरगं इकडे फणफणलेलं, १०१ होता ताप! शेवटी बटण दाबून धरल्यावर सी चं एफ झालं तेव्हा काकूंची धावपळ सुरू.

आणि सेल्सिअस म्हणजे काही ब्रह्मवाक्य नाही, १७४२ मध्ये सेल्सिअस नावाच्या शास्त्रज्ञाने स्वतः हे माप मांडलं तेव्हा उकळतं पाणी ० आणि बर्फ १०० होतं, ते नंतर उलटं केलं. सोय बघूनच ना?

मोबाइलवरच्या केकच्या रेसिपीत ३५० लिहिलेलं असतं आणि आमचा ओव्हन २५० ला संपतो (ते ३५० फॅरनहाइट म्हणजे सेल्सिअसमध्ये साधारण १७७), ही वेगळीच गंमत.

तर विनंती एवढीच, हवेचं तापमान आत्ता छापता तसंच छापा, पण आरोग्याच्या पानावर तापाचा आकडा आला की दोन्ही द्या, आधी फॅरनहाइट. आणि मेडिकलवाल्यांनी थर्मामीटर विकताना ते बटण तेवढं दाखवून द्यावं.

एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर