लग्नाचा फोटोग्राफर ठरवताना : सभासदांसाठी सूचना

सभासद बंधू-भगिनींनो,

तुळशीच्या लग्नानंतर नागपुरात मुहूर्तांची गर्दी होते. फोटोग्राफर घाईत ठरवू नका. मोबाईलवरच्या निवडक १५ फोटोंना भुलू नका, एका लग्नाचा पूर्ण अल्बम मागा. हॉलच्या पिवळ्या उजेडात अंतरपाट दूर होतानाचे चेहरे कसे आलेत, ते बघा.

माझ्या पुतणीच्या लग्नात कॅमेऱ्याचं कार्ड खराब झालं, दुसरी प्रत नव्हती. मंगलाष्टकांचा एकही फोटो आमच्याकडे नाही. म्हणून कॅमेरा एकाच वेळी दोन कार्डांवर फोटो साठवतो का, हे आधी विचाराच.

प्रत्यक्ष कोण येणार, फोटो कधी मिळणार, सगळं लेखी घ्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, वेगळा करार नसेल तर पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोंचे पहिले मालक आपणच.

– सचिव