काकाजी, इळ्यांच्या म्यानांसाठी तुमचे आभार

काकाजींना सादर नमस्कार,

आमच्या गटातल्या साऱ्या बायांच्या इळ्यांना आता चामड्याचं म्यान आहे. सोयाबीनच्या सोंगणीला पहाटेच आम्ही मालवाहू ऑटोत दाटीवाटीनं बसतो. आधी इळ्याला चिंधी नाहीतर पोत्याचा तुकडा गुंडाळायचो. गचका बसला की पातं बाहेर यायचं आणि शेजारणीचा हात, मांडी, नाहीतर शिदोरीची पिशवी कापली जायची. यंदा सोंगणी संपली, कोणालाच लागलं नाही. म्हणून हे आभार सगळ्यांसमोर मानते आहे.

आठवडी बाजारात तुमच्याकडं चपलेचा अंगठा शिवायला येणारेच जास्त. मी इळा पुढं ठेवून "याचं म्यान करायला शिकवा" म्हटलं, तर तुम्ही बसायचं पोतं सरकवून शेजारी जागा दिली. बाईमाणूस, त्यात दुसऱ्या समाजाची, हे तुमच्या मनातही आलं नाही. आणि हातचं काहीच राखून ठेवलं नाही.

आधी चामडं पारखायला शिकवलंत. कापलेल्या कडेला निळसर झाक असली तर ते क्रोमचं, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांत कमावलेलं. ते ओलं करून दाबलं तरी पात्याचा आकार धरत नाही, आणि त्यातल्या क्षारांनी लोखंडाला गंज लवकर चढतो. आमचे इळे लोहारानं ट्रकच्या कमानपाट्यातून घडवलेले, त्यांना गंजायला निमित्तच लागतं. म्हणून बाभळीच्या किंवा तरवडाच्या सालीत कमावलेलं म्हशीचं चामडं. त्याला कमावायला कित्येक आठवडे जातात, म्हणून ते सहज मिळतही नाही. तुम्ही स्वतःसाठी ठेवलेल्यातलं दिलंत.

सगळ्यात मोलाची ती मधली पट्टी. दोन थर नुसते एकावर एक शिवले तर धार थेट दोऱ्यावर येते आणि थोड्याच दिवसांत शिवण कापली जाते. धारेच्या बाजूनं आत चामड्याची पट्टी घालायची, सोल्यूशननं चिकटवायची आणि तिन्ही थरांतून आरी, म्हणजे तुमचा टोकाला आकडा असलेला टोचा, काढायची. मग धार घासते ती पट्टीवर. म्यान तयार झालं की ही पट्टी कोणाला दिसत नाही, पण बाजारातल्या स्वस्त म्यानांत ती नसते आणि ती म्यानं तिथंच फाटतात. टाकाही तसाच: आरीच्या आकड्यानं दोरा ओढायचा, दुसरं टोक त्या फासातून पूर्ण पार काढायचं आणि दोन्ही हातांनी सारखं ताणायचं. एक टाका तुटला तरी शेजारचे धरून राहतात. दोऱ्याला मेण लावल्याशिवाय तुम्ही मला आरी हातात घेऊ दिली नाही.

चाकूचं म्यान सरळ असतं, इळा वाकडा. त्याची धार आतल्या वळणाला, म्हणून शिवण तिकडं घ्यायची, पाठीची बाजू उघडी ठेवायची आणि वरून दोन वाद्या बांधायच्या, हे तुम्ही पुठ्ठ्यावर कापून दाखवलंत. ओलं म्यान सावलीतच वाळवायचं, हेही. आपल्या विदर्भाच्या उन्हात ते कडक होऊन तडकतं.

आपल्या वर्धा जिल्ह्याला हे काम नवं नाही. गांधीजी १९३६ साली सेवाग्रामला राहायला आले. त्याच काळात वर्ध्याजवळच्या नालवाडीत गोपाळराव वाळुंजकरांचं चर्मालय चालायचं, मेलेल्या जनावरांची कातडी तिथं कमावत. त्या चर्मालयाचं नाव तरी लिहून ठेवलेलं सापडतं. मोटेपासून जोड्यापर्यंत गावाला सारं पुरवणाऱ्या तुमच्या वाडवडिलांची नावं मात्र गावानं कुठंच लिहिली नाहीत, उलट त्यांना लांब ठेवलं. याचं मला फार वाईट वाटतं, काकाजी. माझ्या म्यानाचं कोणी कौतुक केलं की मी आधी तुमचं नाव घेते.

पावसाळ्यात इळा म्यानात ठेवायचा नाही, चामडं ओल धरतं. पुसून, तेलाचा हात फिरवून वेगळा टांगायचा, हे घरोघरी सांगून ठेवलंय. आता गटातल्या आणखी दोघींना शिकायचं आहे. येत्या बाजारी त्यांना घेऊन येते. जाड चामडं थोडं बाजूला काढून ठेवा, या वेळी पैसे घ्यावेच लागतील.

तुमची,
गटातली इळेवाली पोरगी